कर्करोगाचे निदान आणि उशिराची जबाबदारी

लवकर निदान झाले तर कर्करोग बरा होऊ शकतो, हे विधान गेल्या शंभर वर्षांत इतक्या भित्तिपत्रकांवर आणि पुस्तिकांवर छापले गेले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. विधान खोटे नाही. परंतु ‘लवकर’ हे कोणत्या क्षणापासून मोजायचे, निदान कोणी करायचे आणि ते झाल्यावर रोग्याने नेमके कोठे जायचे, हे तिन्ही प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात, आणि उत्तरे नसली की सगळा भार आपोआप रोग्यावर येऊन पडतो. पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथील स्त्रीरोगतज्ज्ञ गेओर्ग विंटर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी गर्भाशयाच्या कर्करोगाविषयी जी मोहीम चालवली, ती या क्षेत्रातील पहिल्या मोहिमांपैकी एक समजली जाते. तीत त्यांनी डॉक्टर, सुईणी आणि सामान्य स्त्रिया अशा तिघांना उद्देशून स्वतंत्र मजकूर प्रसृत केला होता, कारण उशीर या तिघांपैकी कोणाकडूनही होऊ शकतो हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या काळातील प्रचाराने पहिल्या दोघांना हळूहळू वगळले आणि सल्ला तेवढा तिसरीच्या पदरात टाकला.

भारतात हा प्रश्न किती मोठा आहे हे दोन आकड्यांवरून कळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने मरतात. नव्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख या तीनच अवयवांच्या कर्करोगांचे असतात. हे तिन्ही अवयव डोळ्यांना, बोटांना किंवा साध्या उपकरणाला पोहोचण्यासारखे आहेत. त्यांच्यासाठी शरीर उघडावे लागत नाही. तरीही या तिन्हींत रोग पुढे गेल्यावर रुग्णालयात येणाऱ्यांचे प्रमाण मोठे राहते, आणि याचे स्पष्टीकरण केवळ अज्ञान या एका शब्दात देऊन भागत नाही.

प्रथम ‘लवकर’ या कल्पनेला जीवशास्त्रात किती आधार आहे ते पाहणे इष्ट होईल. कर्करोग म्हणजे शरीरातील पेशींनी वाढीवरील नियंत्रण झुगारून देणे, आजूबाजूच्या ऊतींत घुसणे आणि रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे दूर जाऊन तेथे नवी वसाहत करणे. एका पेशीपासून सुरुवात धरली, तर सुमारे तीस वेळा दुप्पट झाल्यावर तिच्या संततीची संख्या शंभर कोटींच्या घरात जाते आणि गाठीचा व्यास साधारण एक सेंटिमीटर होतो. त्यानंतर आणखी दहा वेळा दुप्पट होण्याचा अवकाश, की गाठीचे वजन सैद्धांतिक हिशेबाने एक किलोपर्यंत पोहोचते, आणि एवढा भार शरीर सहसा सोसू शकत नाही. प्रत्यक्षातील वाढ इतकी नियमित नसते, पण या हिशेबातून एवढे निश्चित कळते की हाताला प्रथम लागणारी गाठ रोगाच्या एकूण आयुष्याच्या उत्तरार्धात असते. म्हणूनच वैद्यकशास्त्र दोन गोष्टी वेगळ्या मानते: लक्षण दिसू लागल्यावर वेळ न दवडता केलेले निदान ही एक, आणि कोणतेही लक्षण नसलेल्या निरोगी माणसांतून रोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची शंका असलेली माणसे वेगळी काढणारी चाळणी तपासणी ही दुसरी. पहिलीसाठी जागरूक माणूस आणि जागरूक डॉक्टर पुरतो; दुसरीसाठी मात्र गावोगाव पोहोचणारी, याद्या ठेवणारी, पुन्हा बोलावणारी यंत्रणा लागते. लोकप्रिय लेखनात या दोहोंची सरमिसळ होते आणि परिणामी दोन्हींकडून चुकीच्या अपेक्षा बाळगल्या जातात.

लक्षण ओळखण्यातील सर्वांत मोठा अडसर म्हणजे वेदनेवरचा विश्वास. शेतावर, कारखान्यात किंवा घरकामात राबणाऱ्या माणसाकडे आजार मोजण्याचे एकच खात्रीचे माप असते: दुखते की नाही. हे माप एरवी चांगले काम देते. मोडलेले हाड, पिकलेले गळू, किडलेला दात यांत ते फसवत नाही. कर्करोगात मात्र ते बहुधा फसवते, कारण आरंभीची गाठ किंवा चट्टा मज्जातंतूंवर दाब आणत नाही, आणि वेदना सुरू होते तोवर रोग बऱ्याचदा खोल गेलेला असतो. स्तनातील दुखणारी गाठ घेऊन तातडीने येणारी आणि न दुखणारी गाठ वर्षभर तशीच ठेवणारी अशा दोघींपैकी अधिक काळजीचे कारण सामान्यतः दुसरीकडे असते. यासाठी दुखण्याच्या जागी दुसरे माप देणे आवश्यक आहे, आणि ते म्हणजे काळ. तोंडातील जखम, आवाजाचा घोगरेपणा, नव्याने आलेली गाठ, गिळताना होणारा अडथळा यांपैकी काहीही, दुखत असो वा नसो, तीन आठवड्यांत गेले नाही तर ते तज्ज्ञाला दाखवले पाहिजे. लक्षणांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा हे एक माप ध्यानात ठेवणे सोपे आहे आणि अधिक उपयोगाचेही आहे.

मुखाच्या कर्करोगाचे उदाहरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण महाराष्ट्राचा त्याच्याशी दैनंदिन संबंध आहे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, सर्वत्र गुटखा आणि तंबाखू-चुन्याची चिमूट, आणि ग्रामीण स्त्रियांत दात घासण्याच्या निमित्ताने लागलेली मिश्री, अशी या व्यसनाची अनेक रूपे आहेत. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकत घेऊन हातावर एकत्र करता येतात, त्यामुळे बंदीचा अर्थ पुष्कळ अंशी कागदावरच उरला. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जिभेवर आणि घशाजवळ अधिक आढळतो; येथे तो गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, म्हणजे जेथे बार भरून ठेवला जातो नेमक्या तेथेच अधिक आढळतो. या रोगाचा विशेष असा की तो बहुधा सूचना देऊन येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून देशाच्या अनेक जिल्ह्यांत घरोघर जाऊन हजारो तोंडे तपासली आणि कर्करोगापूर्वी तोंडात कोणते बदल होतात याची पद्धतशीर नोंद केली. घासून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा मखमली लाल चट्टा, आणि श्लेष्मल त्वचेखालील ऊती ताठर होऊन तोंड उघडेनासे होणे ही त्या सूचनांची मुख्य रूपे. यांपैकी तिसरी अवस्था मुख्यतः सुपारीमुळे येते, आणि तिचे पहिले लक्षण इतके घरगुती असते की त्याकडे वैद्यकीय दृष्टीने कोणी पाहत नाही: माणसाला जेवणातले तिखट सोसेनासे होते, साधी आमटीही झोंबते, आणि तो घरच्यांना मिरची कमी घालायला सांगतो. पुढे एकावर एक धरलेली तीन बोटे तोंडात जात नाहीत, तेव्हा वर्षे निघून गेलेली असतात. ताठर झालेले तोंड पूर्ववत होत नाही, तरी सुपारी सोडणे आणि ठरावीक काळाने तपासणी करणे यांमुळे पुढचा कर्करोग अगदी लहान असताना सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी आणि उजेडात तोंडे पाहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत या साध्या पाहणीमुळे मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. या तपासणीला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, आणि तरीही ती दंतवैद्यांच्या खुर्चीबाहेर फारशी कोठे होत नाही.

इतर अवयवांच्या सूचनांची अडचण अशी की त्या ओळखीच्या, किरकोळ आजाराचा वेश घेऊन येतात. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून वर्षानुवर्षे चूर्णे घेतली जातात आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील गाठ तोवर वाढत राहते. महिनोन् महिने खोकला आणि क्ष-किरण चित्रात डाग दिसला की क्षयरोगाच्या गोळ्या सुरू होतात. क्षय खरोखरच सर्वत्र असलेल्या देशात हा तर्क मूर्खपणाचा नाही, परंतु थुंकीत जंतू सापडलेला नसताना आणि गोळ्यांचा गुण येत नसतानाही त्या चालू ठेवणे यात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचे मौल्यवान महिने जातात. अंगावरून पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे यांतील शेवटच्या लक्षणाकडे तर कोणत्याही परिस्थितीत दुर्लक्ष होता कामा नये. पण ‘गेलेली पाळी परत आली’ असे म्हणून ते सोडून दिले जाते, आणि काही घरांत त्यात आरोग्याचे चिन्हही पाहिले जाते. त्याच वेळी हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की स्तनातील बहुसंख्य गाठी आणि तोंडातील बहुसंख्य जखमा कर्करोगाच्या नसतात. तपासणीचा हेतू रोग सिद्ध करण्याइतकाच तो नाही हे सिद्ध करण्याचाही असतो.

आता उशीर कोणाचा, हा प्रश्न. अमेरिकेतील पॅक आणि गॅलो या दोघांनी १९३८ साली कर्करोगाच्या उपचारातील विलंबाची वाटणी रोग्याचा उशीर आणि डॉक्टरचा उशीर अशी केली, आणि तेव्हापासून या विषयावरील अभ्यास कमीअधिक प्रमाणात त्याच चौकटीत झाले. महाराष्ट्रातील परिस्थितीला ही दुभागणी अपुरी पडते. येथे किमान चार टप्पे मोजावे लागतात: लक्षण जाणवल्यापासून कोणाकडे तरी जाईपर्यंतचा, त्या पहिल्या डॉक्टरने योग्य ठिकाणी पाठवीपर्यंतचा, तेथे तपासण्या होऊन निदान हाती येईपर्यंतचा, आणि निदानानंतर उपचार प्रत्यक्ष सुरू होईपर्यंतचा. यांतला पहिलाच टप्पा काय तो रोग्याच्या हातात असतो, आणि तोही पूर्णपणे नाही. घरातील स्त्रीला दवाखान्यात न्यायचे तर सोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी कोण बुडवणार आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत हे कसे जमणार, याचा निर्णय ती एकटी घेत नाही.

दुसऱ्या टप्प्याविषयी मात्र पुरेसे बोलले जात नाही. ग्रामीण रोग्याचा पहिला डॉक्टर बहुधा जवळच्या बाजाराच्या गावातील खासगी व्यावसायिक असतो, आणि त्याच्याकडे तोंडातील न भरणाऱ्या जखमेवर मलम व ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात, धारदार दातामुळे जखम झाली असे ठरल्यास दात काढला जातो, आणि पांढरे जाण्याच्या तक्रारीवर आतून तपासणी न करताच औषध लिहिले जाते. पहिल्या भेटीत असे होणे क्षम्य आहे, कारण शंभरांतील बहुतेक तक्रारी खरोखरच किरकोळ असतात. तेच माणूस तीच तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आले आणि तरीही बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिले गेले नाही, बोटाने गाठ चाचपली गेली नाही किंवा चिठ्ठी देऊन पुढे पाठवले गेले नाही, तर मात्र तो उशीर रोग्याच्या नावावर मांडणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या भेटीला तपासणी सक्तीची, असा साधा नियम वैद्यकीय संघटनांनी स्वतःहून लावून घेतला तरी पुष्कळ साधेल.

तिसऱ्या टप्प्यावर भीती उभी असते. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायॉप्सी, याखेरीज कर्करोगाचे निदान पक्के होत नाही आणि उपचारही ठरवता येत नाहीत. परंतु ‘गाठीला सुई लागली की ती पसरते’ ही समजूत खेड्यांत आणि शहरांतही खोल रुजलेली आहे. तिचा उगम समजण्यासारखा आहे. उशिरा आलेल्या रोग्याची बायॉप्सी होते आणि काही आठवड्यांत तो खालावतो. पाहणाऱ्यांना आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण वाटते. प्रत्यक्षात सुईमुळे रोग पसरण्याची शक्यता बहुतेक सर्व गाठींत नगण्य असते. ही समजूत उपदेशाने जाणार नाही. गावातील बरी झालेली माणसे दिसू लागली, तर मात्र ती टिकणे अवघड होईल. भीतीखालोखाल खर्च येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांचा समावेश आहे व त्याचा लाभ फार मोठ्या संख्येने रोग्यांना झाला आहे, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. मात्र अशा योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांभोवती असते, आणि निदान हाती येईपर्यंतच्या फेऱ्या, सोनोग्राफी, स्कॅन, प्रवास व मुक्काम यांचा बराच भार रोग्याच्याच खिशावर पडतो. म्हणजे ज्या टप्प्यावर घाईची गरज सर्वाधिक, त्याच टप्प्यावर पैसा सर्वांत कमी मिळतो.

चौथा टप्पा यंत्रणेचा. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि आजही दूरदूरच्या राज्यांतील रोगी थेट तेथेच येतात, कारण आपल्या जिल्ह्यात विश्वासाने जाण्यासारखे ठिकाण त्यांना माहीत नसते किंवा ते नसतेच. एका ठिकाणी एवढी गर्दी झाली की शस्त्रक्रियेची तारीख लांबते. अशा प्रतीक्षेची किंमत किती, याचे उत्तर २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका संकलित विश्लेषणाने दिले: शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या विलंबागणिक मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग ग्रिड देशातील कर्करोग रुग्णालयांना समान उपचारपद्धतीने जोडू पाहते. या दिशेने जे काम झाले ते योग्य आहे, पण परळच्या पदपथांवर मुक्काम करणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांकडे पाहिले तर त्याचा वेग पुरेसा आहे असे म्हणवत नाही.

उशिराचे कारण लोकांच्या मानसिकतेत शोधणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा अनुभव अवश्य अभ्यासावा. येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाशी निगडित अशी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांसाठी सुरू झाली. नोंदणी म्हणजे ठरावीक लोकसंख्येत उद्भवणाऱ्या प्रत्येक कर्करोगाची गणती. मुंबईसारख्या शहरात ती रुग्णालयांच्या दप्तरांवरून करता येते, पण खेड्यातील कित्येक रोगी कोणत्याही रुग्णालयात न जाताच मरत असल्यामुळे दप्तरे तपासून येथे भागणार नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जाऊ लागले, गावकऱ्यांच्या सभा घेऊ लागले, कोणती लक्षणे शंकास्पद हे समजावू लागले आणि ज्यांना ती आहेत त्यांना बार्शीच्या रुग्णालयात येण्यास उद्युक्त करू लागले. हेतू मोजण्याचा होता. थोड्याच वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत आरंभीच्या टप्प्यांत येणाऱ्यांचा वाटा वाढला, आणि त्याचबरोबर त्यांचे जगण्याचे प्रमाणही सुधारले. कस्तुरी जयंत, भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गावांतील स्त्रियांचे शिक्षण, उत्पन्न किंवा घरातील स्थान या चारपाच वर्षांत बदललेले नव्हते. बदलले ते एवढेच की ओळखीचे माणूस पुन्हा पुन्हा दारात येऊ लागले, आणि ते ज्या ठिकाणी जायला सांगत होते ते ठिकाण त्याच टापूत, बसने दिवसात जाऊन येण्यासारखे होते. या निष्कर्षांतील ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे आणि तिचा उल्लेख नेमका गाळला जातो.

याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास झाला. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या काही उपप्रकारांच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारणपणे दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक चालतो आणि मधल्या पूर्वावस्थेत तो अगदी साध्या उपचाराने थांबवता येतो. हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धाराशिवच्या अभ्यासात गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार भागांत विभागण्यात आले: एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकीय तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखावर उमटणारे पांढरे डाग पाहणे, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्यातील कर्करोग ३९ आणि मृत्यू ३४ झाले. काहीही न केलेल्या गटात हेच आकडे ८२ आणि ६४ होते. इतर दोन पद्धतींनी या अभ्यासात लक्षणीय घट दाखवली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांत केलेल्या अभ्यासात मात्र ॲसेटिक आम्लाची तपासणी, स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन आणि दर दोन वर्षांनी पुन्हा करून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करू शकली. पद्धत कोणती यापेक्षा ती कोण, किती वेळा आणि किती काळजीने करतो यावर फळ अवलंबून असते, असा या दोन्हींचा एकत्रित अर्थ लावता येतो. ब्रिटनचा इतिहासही हेच सांगतो: तेथे पेशीतपासणी १९६० च्या दशकात सुरू झाली, पण मृत्यूंत ठळक घट दिसली ती १९८८ साली प्रत्येक स्त्रीला नावाने बोलावण्याची आणि पुन्हा बोलावण्याची व्यवस्था लागू झाल्यानंतर.

या दोन्ही भारतीय अभ्यासांवर नैतिक आक्षेपही घेतले गेले, कारण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही आणि त्यांच्यातील काही जणी टाळता येण्यासारख्या रोगाने मृत्यू पावल्या. संशोधकांचे म्हणणे असे होते की देशात त्या काळी प्रत्यक्षात उपलब्ध असलेली व्यवस्था तीच होती. हा वाद येथे सोडवता येणार नाही. पण ज्या अभ्यासासाठी एवढी किंमत दिली गेली त्याचे निष्कर्ष वापरले न जाणे, हा त्या आक्षेपाहूनही गंभीर आक्षेप ठरतो.

लवकर शोधण्याच्या आग्रहाला एक मर्यादाही आहे, आणि ती लपवणारा प्रचार प्रामाणिक म्हणता येणार नाही. सर्वच कर्करोग लवकर शोधल्याने फायदा होतो असे नाही. काही इतके मंद असतात की ते कधीच त्रास देणार नसतात, आणि त्यांना शोधून काढणे म्हणजे निरोगी माणसाला रोगी बनवणे. याला अतिनिदान म्हणतात. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांना जोडून गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली तेव्हा २०११ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले, हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. दुसरा फसवा प्रकार म्हणजे निदान अलीकडे ओढल्यामुळे निदानानंतरची वर्षे वाढलेली दिसणे, मृत्यूची तारीख मात्र तीच असणे. म्हणून कोणत्याही तपासणीची परीक्षा जगण्याच्या टक्केवारीवर नव्हे, मृत्यूंत झालेल्या घटीवर करावी लागते. शांघायच्या कापड गिरण्यांतील २,६६,००० हून अधिक कामगार स्त्रियांच्या अभ्यासात स्तनांची स्वतः तपासणी शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. याउलट मुंबईत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केलेल्या स्तनतपासणीच्या वीस वर्षांच्या अभ्यासात रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. पाकिटातील पैसे घेऊन ‘संपूर्ण शरीराची कर्करोग तपासणी’ विकणाऱ्या शहरी प्रयोगशाळांच्या जाहिरातींत हे बारकावे अर्थातच नसतात.

पुराव्याविना पसरवलेली भीती काय करू शकते याचे उदाहरण बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला, तेव्हा जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे त्यांच्यातील अनेकींनी नमूद केले. पाळीमुळे कामाचा खाडा होऊ नये हा दबाव त्यामागे होताच. परंतु एक साधी चाचणी करून शंका दूर करण्याची सोय जवळ असती, तर कर्करोगाच्या नावाने धाक घालणे एवढे सोपे गेले नसते. त्याच मराठवाड्यात, शेजारच्या जिल्ह्यात ती चाचणी गावोगाव करून दाखवली गेली होती, ही यातील विशेष खेदाची गोष्ट आहे.

या सर्वांतून निघणारे धोरण फार गुंतागुंतीचे नाही. तीन आठवड्यांचे माप प्रत्येक घरात पोहोचावे; तंबाखू-सुपारी खाणाऱ्याचे तोंड आशा कार्यकर्तीने किंवा उपकेंद्रातील परिचारिकेने वर्षातून एकदा उजेडात पाहावे; तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची एचपीव्ही चाचणी व्हावी, ज्यासाठीचा नमुना आता ती स्वतःही घेऊ शकते; आणि शंका निघाल्यास पुढची तारीख, पुढचे ठिकाण व सोबतीचे माणूस त्याच दिवशी ठरावे. शेवटची गोष्ट नसेल तर पहिल्या तिन्ही व्यर्थ आहेत, कारण शंका सांगून वाट न दाखवणे हे न सांगण्याहून अधिक निर्दय आहे. मुलींसाठी एचपीव्हीविरुद्धची स्वदेशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२२ साली तिला मान्यता मिळाली. पण आज तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रियांना तिचा फारसा उपयोग नाही, त्यांना तपासणीच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची अशी तपासणी व्हावी हे उद्दिष्ट जगापुढे ठेवले. तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचा आराखडा भारत सरकारने त्याआधीच, २०१६ साली, जाहीर केला होता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के होते.